बोलता येत नाही, पण सांगतंय बरंच काही

वाचकांचे प्रश्न : लहान मुलं आणि दवाखाना

पावसाळा लागला की आपल्याकडे मुलांच्या दवाखान्यांत पाय ठेवायला जागा नसते, ठाणे काय नि नवी मुंबई काय, सगळीकडे तेच, आणि या सदराला येणारी पत्रंही त्याच सुमारास वाढतात. या वेळी बहुतेकांचा सूर एकच होता, पोराला धड बोलता येत नाही तर त्याला काय होतंय हे आम्ही ओळखायचं कसं आणि डॉक्टरांना सांगायचं काय. मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, डॉक्टर नव्हे, त्यामुळे कुठलं औषध किती द्यायचं असले प्रश्न बाजूला ठेवलेत, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : माझी मुलगी १७ महिन्यांची आहे. दीड वर्षाच्या बूस्टरसाठी नेलं तर रिक्षा दवाखान्याच्या गल्लीत वळल्यापासूनच तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं, आत गेल्यावर तर रडून आकाशपाताळ एक केलं. मी सारखी "काही नाही होणार बाळा, काही नाही होणार" म्हणत होते. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलीय. अजून एक इंजेक्शन बाकी आहे. काय करू?
(एक आई, कोपरखैरणे)

उत्तर : लाडावलेली नाही हो, तिची स्मरणशक्ती चांगली आहे. या वयात गल्ली लक्षात राहते, स्पिरिटचा वास लक्षात राहतो, मागच्या वेळी मांडी कोणी धरली होती तेही राहतं, फक्त ते सांगायला शब्द नसतात म्हणून ती तोंड लपवते. आता पुढच्या वेळी एक बघा, तोंड लपवल्यावर मधेच एकदा मान वर करून ती तुमच्या चेहऱ्याकडे बघेल. अगदी सेकंदभर. तो तिचा प्रश्न असतो, "आई, इथे घाबरायचंय का?" १९८५ मध्ये अमेरिकेत याचा एक प्रयोग झाला होता, वर्षभराची बाळं एका काचेच्या टेबलावर ठेवली, अर्ध्यावर खाली खड्डा असल्यासारखं दिसायचं, पलीकडे आई उभी. आई हसरी असली तर बहुतेक बाळं काच ओलांडून आली, आणि आईने घाबरलेला चेहरा केला तर एकही आलं नाही. म्हणजे तुमच्या कपाळावरची आठी ती वाचतेच, आणि कडेवर असेल तर तुमचा दंड कसा आवळला गेलाय तेही तिला कळतं.

आता "काही नाही होणार" बद्दल. हे वाक्य आपण नेमकं कधी म्हणतो? काहीतरी होणार असतं तेव्हाच. मुलांना दोन खेपांत ते पाठ होतं. आईबाप असा धीर देत बसले तर टोचताना मुलं जास्त रडतात आणि लक्ष दुसरीकडे वळवलं तर कमी, हे अभ्यासांतही दिसलेलं आहे. त्यापेक्षा खरं सांगा, "टुच् होणार, मग आपण बाहेर जाऊन भूभू बघू", आणि लगेच भूभूच्या गोष्टीला लागा.

धरायचं कसं हे मात्र नीट वाचा. टेबलावर आडवं पाडून चौघांनी हातपाय दाबायचे ही आपल्याकडची जुनी पद्धत, आणि पोराला टोचण्यापेक्षा त्या दाबण्याचीच जास्त भीती बसते. तिला मांडीवर तुमच्याकडे तोंड करून बसवा, छातीला छाती, तिचे पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना, एक हात तुमच्या काखेतून मागे, आणि मांडी किंवा दंड मोकळा. सिस्टरना सांगा मी अशी धरते, बहुतेक जणी हो म्हणतात. अजून अंगावर पीत असेल तर टोचताना पाजा, लाज वाटायचं कारण नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या वेदनेबद्दल जी शिफारस केली त्यात हे आहे, बाळाला उभं किंवा बसतं धरावं हे आहे, आणि एकाच दिवशी दोन-तीन इंजेक्शनं असतील तर जास्त दुखणारं शेवटी द्यावं हेही आहे. आधीच पॅरासिटामॉल पाजून न्यायची गरज नाही, तेही त्यातच म्हटलंय.

आणि सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा, जेवत नाही म्हणून "डॉक्टरकाकांना बोलवू का, सुई टोचतील हं" हे घराघरांत चालतं ते आधी बंद करा. वर्षभर घरात डॉक्टरचा बागुलबुवा करायचा आणि मग दवाखान्यात पोरीने हसून टाटा करावं अशी अपेक्षा, कसं जमायचं?

प्रश्न : नातू ११ महिन्यांचा. दोन दिवस नुसती किरकिर. सून म्हणते दात येतायत, मी म्हणते पोट दुखतंय, मुलगा म्हणतो हट्ट आहे. डॉक्टरांनी दोन मिनिटांत तपासून "पोट दुखत नाहीये" असं सांगितलं. त्यांना कसं कळलं? आणि आम्हाला कसं कळावं?
(एक आजी, नेरूळ)

उत्तर : आजी, दात हे आपल्याकडे सगळ्याचं उत्तर असतं, जुलाबाचंही आणि तापाचंही. डॉक्टर पोट चाचपतात तेव्हा त्यांचे हात पोटावर असतात पण नजर बाळाच्या चेहऱ्यावर असते, भुवया एकत्र आल्या का, डोळे आवळले का, नाकाच्या बाजूची घडी खोल झाली का, हे ते बघत असतात. दुखणाऱ्या बाळाचा चेहरा साधारण असाच होतो, अगदी नवजात बाळाचाही. आता खोटं वाटेल, पण १९८० च्या दशकापर्यंत परदेशातल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांतही नवजात बाळाला दुखणं कळत नाही असं धरून पुरेशी भूल न देता ऑपरेशनं व्हायची, १९८७ मध्ये कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नीट वेदनाशामक दिलेली बाळं ऑपरेशनमधून जास्त चांगली सावरतात, तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं.

वॉर्डात आम्ही फ्लॅक नावाची एक मोजपट्टी वापरायचो, १९९७ ची आहे, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातली, २ महिने ते ७ वर्षांच्या मुलांसाठी. पाच गोष्टी बघायच्या, चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं, आणि समजूत घातल्यावर शांत होतो का. प्रत्येकाला ० ते २ मार्क, एकूण १० पैकी. ४ ते ६ म्हणजे दुखणं मध्यम, ७ किंवा जास्त म्हणजे जोरात. घरी मार्क मांडत बसू नका, पण त्या पाच जागा बघायला शिका. पाय सैल सोडलेत की पोटाशी घेतोय? पाठ कमानीसारखी ताणतोय का? रडणं एकसारखं आहे की कण्हल्यासारखं?

आणि पाचवी गोष्ट सगळ्यात कामाची. कडेवर घेतलं, गॅलरीत नेलं, कावळा दाखवला आणि दहा मिनिटं बरा राहिला तर बहुधा कंटाळा, झोप, भूक यांतलं काहीतरी. कोणाच्याही कडेवर, अगदी तुमच्याही, थांबतच नसेल, उलट उचललं की जास्त रडत असेल, तर दुखतंय असं समजून चाला. उचलल्यावर वाढणारं रडणं मी कधीही हसण्यावारी नेलं नाही. मात्र भीतीने रडणाऱ्या पोराचेही यात भरपूर मार्क होतात, म्हणून दवाखान्यात रडला त्यापेक्षा घरी तुमच्या मांडीवर कसा होता ते डॉक्टरांना सांगा.

एक वेगळं रडणं मात्र ओळखून ठेवा. अचानक जोरात किंचाळून पाय पोटाशी घेतो, पांढराफटक पडतो, मग थांबतो, मलूल होऊन पडतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच, असं पाळीपाळीने चाललं असेल, सोबत उलट्या, शीमध्ये रक्तमिश्रित चिकट असं काही दिसलं, तर आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं. तीन महिने ते तीन वर्षं या वयात हे होतं. यात मधल्या शांत वेळेवर विसंबून घरी थांबायचं नाही, रात्र असो की पहाट, तडक हॉस्पिटल.

प्रश्न : मुलगा १० महिन्यांचा, सारखा कान ओढतो. कान फुटलाय का?
(ऐरोली)

उत्तर : ताप नाही, झोप नीट, दूध नीट, तर नुसत्या कान ओढण्यावरून तसं म्हणता येत नाही, झोप आली की बरीच बाळं ओढतात, काहींना नुकताच कान सापडलेला असतो. ताप, रात्री आडवं केलं की रडणं किंवा कानातून पाणी असेल तर दाखवा. तेल घालू नका.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलाला न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट केलं होतं, पहिले काही दिवस आयसीयूत, भेट थोडाच वेळ. पहिल्या दिवशी प्रचंड रडला. नंतर एकदम शांत, आम्ही गेलो तरी बघून न बघितल्यासारखं. तिथल्या स्टाफने सांगितलं "आता रुळला, शहाणा झाला". घरी आल्यावर माझ्याकडे येईना, आजीकडेच, आणि रात्री दचकून उठतो. माझं काही चुकलं का?
(एक आई, वागळे इस्टेट)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, आणि तो रुळलाही नव्हता. शहाणा झाला हे ऐकलं की मला अजून राग येतो.

हे फार जुनं कोडं आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये हॉस्पिटलांत आईबापांना भेटीची वेळ अगदी कमी असायची, काही ठिकाणी तर आठवड्यातून ठरावीक दिवशीच. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन या माणसाने एका लहान मुलीच्या हॉस्पिटलातल्या वागण्यावरची फिल्म दाखवली, अडीच वर्षांच्या आसपासची पोर, छोट्या ऑपरेशनसाठी ८ दिवस राहिलेली. फार आरडाओरडा न करणारी, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटावं मुलगी मजेत आहे, पण जवळून बघितलं तर टेडी घट्ट धरलेला, चेहरा कोरा, आणि आई आली की तिच्यापासून तोंड फिरवलेलं. रॉबर्टसन म्हणायचे की आईपासून तुटलेलं मूल आधी निषेध करतं, मग खचतं, मग आतून तोडून घेतं, आणि नर्स-डॉक्टरांना तो शेवटचा टप्पा "अ‍ॅडजस्ट झालं" असा वाटतो. डॉक्टर मंडळी आधी चिडली होती बरं का, पण १९५९ मध्ये तिथल्या सरकारी प्लॅट समितीने आईबापांना मुलाजवळ मोकळेपणी येऊ द्या अशी शिफारस केली. आपल्याकडे जनरल वॉर्डात आई जवळ असतेच, उलट आई, आजी, मावशी आणि डबा घेऊन आलेले काका असे सगळे असतात, प्रश्न येतो तो आयसीयूत. तिथेही हल्ली बऱ्याच ठिकाणी विचारलं तर जास्त वेळ बसू देतात, तुम्ही विचारलंच पाहिजे.

सलाईन लावलेल्या पोराचा हात बघितलाय कधी? पुठ्ठ्याला पट्टीने बांधलेला तो हात पोर स्वतःचा नसल्यासारखा बाजूला ठेवतं, खेळणं दुसऱ्या हाताने घेतं, आणि सिस्टर पलंगाच्या कुठल्या बाजूने आली त्यावर बांधलेला हात आधी चादरीखाली जातो. रडत नाही, काही नाही. असा गप्प हात दिसला की मी ट्रे खाली ठेवायचे, हात पाठीमागे घ्यायचे आणि "आत्ता सुई नाही, फक्त ताप बघणार" असं लांबूनच सांगायचे. खांदे खाली यायला वेळ लागतो पण येतात.

तर तुमचा लेक तोंड फिरवतोय म्हणजे तुमच्यावर रागावलाय, आणि रागावतोय ते तुमच्यावर जीव आहे म्हणूनच. ओढून जवळ घेऊ नका, त्याच खोलीत बसून राहा, तो आजीकडे गेला तरी चालेल, तुम्ही नेहमीसारखं वरणभात भरवा, गोष्ट सांगा. टेडीला इंजेक्शन देत असेल, पुन्हा पुन्हा तेच, तर थांबवू नका, "पुरे आता" म्हणू नका, शक्य तर टेडी तुम्ही व्हा आणि "आई गं, दुखलं मला" म्हणा. दचकून उठणं, पुन्हा गादी ओली करणं, चिकटून राहणं हे काही आठवडे चालू शकतं. कमी होण्याऐवजी वाढतच गेलं, खाणंपिणं सुटलं, तर मुलांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. घरी पोट धरून कण्हतो, डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं तर "काही नाही" म्हणतो. मीच खोटा पडलो. नाटकी झालाय का?
(एक बाबा, घोडबंदर रोड)

उत्तर : नाटकी नाही, त्याने हिशोब केलाय. दुखतं म्हटलं की सुई मिळते, मग कोण म्हणेल दुखतं? दवाखान्यात शिरायच्या आधी त्याला स्पष्ट सांगा की आज इंजेक्शन आहे की नाही ते मला माहीत नाही, असेल तर तुला आधी सांगेन, आणि मग तो शब्द पाळा. "कुठे दुखतं" यापेक्षा "एका बोटाने दाखव" हे या वयाला सोपं जातं.

भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग असते तीही पोरांना दाखवतात, पण चारेक वर्षांची मुलं त्यातला अगदी पहिला नाहीतर अगदी शेवटचा चेहराच निवडतात, आणि हसरा चेहरा आवडला म्हणून त्यावरही बोट ठेवतात. म्हणूनच २००१ मध्ये सुधारून आलेल्या एका मोजपट्टीत सहाही चेहऱ्यांवर ना हसू ना अश्रू, नुसतं दुखणं आहे. तेव्हा त्याच्या बोटापेक्षा अंगाकडे बघा. घरी त्याला म्हणा, बेडकासारखी उडी मारून दाखव. मारली आणि हसला तर बरं, एक मारून पोट धरून थांबला किंवा मारायलाच तयार नाही, कमरेत वाकून चालतोय, तर त्याच दिवशी दाखवायचं. रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेल्यावर पोट धरतो का तेही बघा, चेष्टा नाही, २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांवर असा अभ्यास झालाय आणि धक्क्याने दुखत नसेल तर अपेंडिक्स असण्याची शक्यता बरीच कमी असं निघालं. घोडबंदरला तर धक्के शोधत जायचीही गरज नाही. तुम्ही खोटे वगैरे पडला नाहीत, डॉक्टरांना एवढंच सांगा की इथे नाही म्हणतो पण काल रात्री एकदा झोपेतून उठून कण्हत होता, जेवण अर्धं टाकलं, आवडता कार्टूनही बघितला नाही.

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. दुखलं की तो रडत नाही, कधी कधी चक्क हसतो. हॉस्पिटलात कोणी विश्वास ठेवत नाही.
(एक आई, वर्तकनगर)

उत्तर : अशी मुलं मी बघितली आहेत, दुखत असताना हसणारी, एकदम गप्प होणारी, स्वतःचा हात चावणारी. वर सांगितलेल्या फ्लॅकची २००६ मध्ये बौद्धिक अडचणींमुळे दुखणं सांगता न येणाऱ्या मुलांसाठी सुधारित आवृत्ती आली, तिच्यात आईबापांनी सांगितलेल्या त्या मुलाच्या खास खुणा लिहून घ्यायची सोय आहे. म्हणजे तुमचा शब्द हा तिथे भावनेचा भाग नाही, तो तपासणीचा भाग आहे. एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहा : नेहमी कसा असतो, दुखलं की काय करतो (हसतो, टाळ्या वाजवतो, कोपऱ्यात जातो, जे असेल ते), कशाने शांत होतो, काय अजिबात चालत नाही (ट्यूबलाइटची घरघर, डोक्याला हात, मशीनचा बीप). त्याच्या दोन-तीन प्रती काढून एक केसपेपरला लावायला सांगा, ड्युटी बदलली की नव्या सिस्टरला दाखवा, कारण तीन शिफ्टमधल्या तिघींना तोंडी सांगता सांगता तुमचाच जीव जाईल. आणि गर्दी नसलेली वेळ मागून घ्या, शक्यतो पहिला नंबर.

प्रश्न : रात्री ताप असला की घाबरायचं कधी? मुलगी पावणेदोन वर्षांची. आणि मोबाईलवर व्हिडिओ काढला तर डॉक्टर चिडतात का?
(कळवा)

उत्तर : जोरात रडणाऱ्या पोरापेक्षा मलूल पडलेल्या पोराची काळजी जास्त करा. ताप १०२ असून उतरल्यावर खेळणारी मुलगी, आणि ताप १०० असून डोळे उघडून बघत नाही, हाक मारली तर मान वळवत नाही, अशी मुलगी, यात दुसरीला घेऊन आधी पळायचं. अंगावर किंवा वाटीने काहीच पीत नाही, घेतलेलं सगळं उलटून टाकते, झटके, किंवा उठवूनही नीट जागी होत नाही, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. श्वास मोजायचा तर ती शांत असताना, झोपेत, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा : १ ते ५ वर्षांत मिनिटाला ४० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षात ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात चाललाय. आपल्याकडे आया "पोट उडतंय" म्हणतात ते बरोबर सांगतात, त्यात श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर लगेच निघायचं.

व्हिडिओ जरूर काढा, चांगला डॉक्टर चिडत नाही, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत खोकला थांबतो, झटका संपतो, आणि पोर रिक्षात झोपून ताजंतवानं होतं. फक्त फ्रॉक वर करून छाती-पोट दिसेल असा, ट्यूब चालू ठेवून, टीव्ही बंद करून, अर्धा मिनिट पुरे. चेहरा आणि हातपायही थोडा वेळ घ्या. आणि झटका येत असेल तर आधी मुलीला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा काहीही घालू नका, व्हिडिओ दुसऱ्या कोणाला तरी काढू दे.